ओलिसांची सुटका, सरकारची गुप्तता आणि संसदेचा हक्क

२३ एप्रिल १९८०. तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासातले लोक ओलीस धरले गेल्याला साडेपाच महिने उलटले होते. त्या रात्री राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर व्हाइट हाउसमध्ये सिनेटमधल्या बहुमतवाल्या पक्षाचे नेते रॉबर्ट बर्ड यांच्याशी बोलत बसले होते. इराणविरुद्ध बळ वापरायची वेळ आलीच, तर काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, कुणाकुणाच्या कानावर आधी घालायचं, हा विषय होता. नावं निघाली, पद्धतीवर चर्चा झाली. सुटकेची मोहीम दुसऱ्याच दिवशी निघणार आहे, एवढं मात्र कार्टर यांनी बर्ड यांना सांगितलं नाही.

पुढे काय झालं ते सगळ्या जगाला कळलं. 'निमिट्झ' या विमानवाहू जहाजावरून आठ हेलिकॉप्टरं निघाली. इराणच्या वाळवंटातल्या ठरलेल्या ठिकाणी सहाच पोहोचली आणि त्यातलं एक नादुरुस्त निघालं. मोहिमेला किमान सहा लागणार होती, म्हणून ती तिथेच रद्द झाली. परत फिरताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळलं, आग लागली आणि आठ सैनिक जागीच गेले. २५ तारखेच्या पहाटे व्हाइट हाउसने बातमी जाहीर केली आणि सकाळी सात वाजता कार्टर स्वतः दूरचित्रवाणीवर आले. काँग्रेसला लेखी कळवलं ते २६ तारखेला.

कार्टर चुकले का? कायद्याच्या जाणकारांचं यावर आजही एकमत नाही. गुप्त मोहिमा आणि लोकप्रतिनिधींची देखरेख यांच्यातला सगळा पेच या तीन दिवसांत सापडतो, म्हणून सुरुवात इथून केली.

आधी सरकारची बाजू नीट समजून घेऊ, कारण ती पोकळ नाही. ओलिसांच्या सुटकेइतकी गुप्ततेवर अवलंबून असलेली दुसरी कारवाई शोधून सापडणार नाही. युद्धात शत्रूला हल्ल्याचा सुगावा लागला तर हल्ला महाग पडतो. इथे सुगावा लागला तर ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप चाललाय तेच जिवाला मुकतात. पहारेकऱ्यांना काही मिनिटं आधी कळलं, तरी ओलिसांना दुसरीकडे हलवता येतं किंवा तिथेच मारता येतं. शिवाय ठिकाणाची माहिती देणारा माणूस बहुधा त्या शहरातच राहत असतो, आणि मोहीम झाल्यावरही त्याला तिथेच राहायचं असतं.

तरीही यातलं नेमकं काय गुप्त असायला हवं, याची यादी करायला बसलं तर ती वाटते तेवढी लांब होत नाही. दिवस आणि वेळ. ठिकाण. मार्ग. माहिती देणारे लोक. मदत करणारी परकी सरकारं. वापरायची खास साधनं. बस. ही कारवाई कुठल्या कायद्याच्या आधारे होतेय, अंतिम निर्णय कोण घेतो, ओलिसांच्या जिवाला किती धोका पत्करायचा हे कोण ठरवतं, वाटाघाटींचा मार्ग संपला असं कुणी आणि कशावरून ठरवलं, फसलं तर पुढे काय, हे प्रश्न त्या यादीत बसत नाहीत. त्यांची उत्तरं आधीच, शांत डोक्याने, बंद दाराआड लोकप्रतिनिधींना देता येतात. बर्ड यांच्याशी त्या रात्री जी चर्चा झाली ती खरं तर कित्येक आठवडे आधी व्हायला हवी होती, आणि ती तशी होऊ शकत होती. तारखेचा तीत उल्लेखही करावा लागला नसता.

लोकप्रतिनिधींना मुळात कळायलाच कशाला हवं, असंही काहींना वाटतं. माणसं वाचवायची आहेत, त्यात राजकारण कशाला? पण दुसऱ्या देशाच्या हद्दीत सशस्त्र माणसं पाठवणं म्हणजे युद्धाच्या उंबरठ्यावर पाय ठेवणं. त्यातून मोठा संघर्ष पेटू शकतो. पैसा जनतेचा असतो, मरणारे सैनिक जनतेतले असतात. आणि 'माणसं वाचवायला' असं म्हटलं की कुणी प्रश्न विचारायला धजत नाही, म्हणून त्या नावाखाली भलतंच काही होण्याचा धोका इथे सर्वांत जास्त. तसं घडलंही आहे. त्याकडे येतोच.

अमेरिकेत यासाठी दोन वेगळ्या वाटांनी कायदे आले. पहिली वाट लष्कराची. व्हिएतनामच्या अनुभवातून १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने युद्धाधिकारांचा ठराव मंजूर केला. सैन्य संघर्षात उतरवण्यापूर्वी शक्य त्या प्रत्येक वेळी काँग्रेसशी सल्लामसलत करा, आणि उतरवल्यावर ४८ तासांत लेखी कळवा, असं तो सांगतो. गंमत अशी की सिनेटच्या मूळ मसुद्यात परदेशी अडकलेल्या अमेरिकी नागरिकांना सोडवण्यासाठी स्पष्ट सवलत होती. दोन्ही सभागृहांनी मिळून अंतिम मजकूर ठरवला तेव्हा ती गळली. त्यामुळे सुटकेच्या मोहिमेला हा ठराव किती लागू, यावर वाद घालायला जागा उरली. वाळवंटातल्या अपघातानंतर कार्टर यांच्या कायदा सल्लागारांनी हीच जागा धरली: ही सुटकेची मोहीम होती, तिच्यासाठी आधी सल्लामसलत करणं बंधनकारक नव्हतं. काँग्रेसमधल्या अनेकांना ते पटलं नाही. पण कोर्टात त्याचा निकाल लागला नाही. अमेरिकी न्यायालयं असल्या वादात सहसा पडत नाहीत.

दुसरी वाट गुप्तचर यंत्रणांची. १९७४ च्या ह्यूज-रायन दुरुस्तीने असं बंधन घातलं की सीआयएची गुप्त कारवाई करायची तर ती देशाच्या सुरक्षेसाठी गरजेची आहे असा निर्णय राष्ट्राध्यक्षांनी स्वतः घ्यावा, आणि संबंधित समित्यांना 'वेळेवर' कळवावं. राष्ट्राध्यक्षांच्या या निर्णयाला तिथे 'फाइंडिंग' म्हणतात. त्यामागचा हेतू महत्त्वाचा आहे. त्याआधी राष्ट्राध्यक्षांना 'मला माहीतच नव्हतं' म्हणायची सोय मुद्दाम ठेवली जायची. निर्णय स्वतः घेण्याची अट आली आणि ती सोय संपली.

मात्र समित्यांची संख्या वाढत आठवर गेली, आणि इतक्या लोकांत गोष्ट पोटात राहील का, ही तक्रार सुरू झाली. १९८० च्या कायद्याने कळवण्याच्या समित्या दोनच ठेवल्या: सिनेटची गुप्तचर समिती आणि प्रतिनिधिगृहाची गुप्तचर समिती. अगदी अपवादात्मक परिस्थितीत फक्त आठ जणांना सांगायची मुभाही दिली. दोन्ही सभागृहांतले दोन्ही पक्षांचे नेते आणि दोन्ही गुप्तचर समित्यांचे अध्यक्ष व विरोधी पक्षातले ज्येष्ठ सदस्य मिळून आठ. वॉशिंग्टनमध्ये यांना 'गँग ऑफ एट' म्हणतात.

आणि या आठांनाही आधी सांगितलं नाही तर? तर नंतर 'वेळेवर' सांगायचं आणि आधी का सांगितलं नाही याचं कारण द्यायचं. 'वेळेवर' म्हणजे किती तास, किती दिवस, हे १९७४ च्या दुरुस्तीने सांगितलं नव्हतं, या कायद्यानेही सांगितलं नाही. या मोकळ्या जागेचा वापर दोन सरकारांनी दोन तऱ्हांनी केला.

एकच पळवाट, दोन वापर

पहिला प्रसंग त्याच इराणमधला. दूतावासावर जमाव चालून आला तेव्हा सहा अमेरिकी निसटले आणि कॅनडाच्या राजदूतांनी व त्यांच्या सहकाऱ्याने त्यांना आपापल्या घरात आसरा दिला. जानेवारी १९८० च्या अखेरीस सीआयएने त्यांना कॅनडाचे पासपोर्ट आणि चित्रपटासाठी जागा पाहायला आलेल्या चमूचं सोंग देऊन विमानाने बाहेर काढलं. यात कॅनडाने अमेरिकेला एक अट घातली होती: तुमच्या काँग्रेसला आधी सांगायचं नाही. आपले राजनैतिक अधिकारी तेहरानमध्ये बसलेले असताना दुसऱ्या देशाच्या किती लोकप्रतिनिधींना हे माहीत असावं, याची चिंता कॅनडाला वाटणं साहजिक होतं. कार्टर सरकारने अट पाळली.

सीआयएचे तेव्हाचे प्रमुख स्टॅन्सफील्ड टर्नर यांनी १९८७ मध्ये काँग्रेससमोर याचा हिशेब मांडला. कार्टर यांच्या काळात पूर्वसूचना न दिल्याचे तीन प्रसंग होते, तिन्ही इराणच्या ओलिसांशी संबंधित, आणि तिन्ही वेळा माणसांचे जीव थेट टांगणीला लागले होते. जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाला त्याचं गुपित आणखी अर्धा डझन लोकांना सांगतोय असं तोंडावर सांगणं आपल्याला जमलं नसतं, अशा आशयाचं ते बोलले. मला हा युक्तिवाद खरा वाटतो. या उशिराबद्दल काँग्रेसनेही फारशी तक्रार केली नाही. आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. मॉन्ट्रियलच्या 'ला प्रेस' दैनिकाच्या वॉशिंग्टनमधल्या बातमीदाराला सहा जण लपल्याचं आधीच कळलं होतं, आणि त्याने ते बाहेर पडेपर्यंत बातमी दिली नाही. सरकारबाहेरच्या माणसाला जीव आणि बातमी यांतला फरक कळत नाही, हे गृहीतक त्याने खोटं ठरवलं.

दुसरा प्रसंग कार्टर यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या काळातला. लेबनॉनमध्ये अमेरिकी नागरिक ओलीस होते. त्यांच्या सुटकेसाठी इराणला चोरून क्षेपणास्त्रं विकायची ठरलं. १७ जानेवारी १९८६ रोजी रेगन यांनी फाइंडिंगवर सही केली, आणि पुढचा आदेश येईपर्यंत काँग्रेसला कळवू नका अशी सूचना सीआयएच्या प्रमुखांना दिली. तो पुढचा आदेश कधी आलाच नाही. ३ नोव्हेंबरला बैरुतच्या एका साप्ताहिकाने बातमी फोडली तेव्हा काँग्रेसला कळलं. मधे साडेनऊ महिने गेले होते. त्या विक्रीतला नफा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवला जात होता, आणि त्यांना लष्करी मदत द्यायला काँग्रेसनेच मनाई केली होती. त्या सगळ्या व्यवहारातून लेबनॉनमधले तीन ओलीस सुटले, आणि १९८६ च्या शरदात आणखी तीन अमेरिकी पकडले गेले.

यातला एक कागद विसरू नये असा आहे. नोव्हेंबर १९८५ मध्ये सीआयएच्या मदतीने एक खेप इराणला गेली होती, तेव्हा फाइंडिंग नव्हतं. मग डिसेंबरमध्ये मागची कारवाई मागच्या तारखेपासून कायदेशीर ठरवणारं फाइंडिंग तयार केलं गेलं आणि रेगन यांनी सही केली. वर्षभराने प्रकरण उघडं पडू लागलं तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर यांनी ती प्रत फाडून टाकली. ती बाहेर आली तर राष्ट्राध्यक्षांची राजकीय अडचण होईल, हे कारण त्यांनी नंतर स्वतःच दिलं. म्हणजे त्या क्षणी गुप्तता ओलिसांसाठी उरली नव्हती.

आणि तरीही डिसेंबर १९८६ मध्ये न्याय खात्याने मत दिलं की काँग्रेसला केव्हा कळवायचं हे ठरवायला राष्ट्राध्यक्षांना जवळजवळ अमर्याद मोकळीक आहे. काही आठवडे थांबणं आणि अमर्याद काळ थांबणं यांना कायद्यातल्या त्याच एका शब्दाचा आधार होता.

१९९१ च्या दुरुस्तीने बरंच बुजवलं. फाइंडिंग लेखीच हवं. तातडीत तोंडी निर्णय घ्यावा लागला तर लगेच त्याची नोंद करून ४८ तासांच्या आत लेखी फाइंडिंग तयार करायचं. मागच्या तारखेपासून काहीही कायदेशीर करून घेता येणार नाही. राज्यघटना किंवा कायदा मोडायची परवानगी फाइंडिंग देऊ शकत नाही. त्यात सामील झालेल्या बाहेरच्या देशांचा किंवा व्यक्तींचा उल्लेखही करावा लागतो. फक्त 'वेळेवर' हा शब्द तसाच राहिला. काँग्रेसला तिथे ४८ तास हवे होते. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी १९८९ मध्येच पत्र लिहून कळवलं होतं की पूर्वसूचना देता आली नाही तर काही दिवसांत कळवू, आणि त्याहून जास्त थांबायची वेळ आली तर आपल्या घटनात्मक अधिकाराचा दाखला देऊन थांबू. तडजोड या पत्रावर टिकलेली आहे.

आठ जणांना सांगितलं, पण पुढे?

आठ जणांना सांगितलं म्हणजे देखरेख झाली असं सरकारं मानतात. ते तेवढं सोपं नाही. ही माहिती बहुधा तोंडी दिली जाते. सोबत मदतनीस आणता येत नाही, सहकाऱ्यांशी बोलता येत नाही, वकिलाला विचारता येत नाही. ऐकणारा माणूस राजकारणी असतो. त्याला हेलिकॉप्टरचा पल्ला किंवा आंतरराष्ट्रीय कायद्याचे बारकावे माहीत असतीलच असं नाही.

सिनेटर जे रॉकफेलर यांनी जुलै २००३ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांना याबद्दल स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. विषय सुटकेच्या मोहिमेचा नव्हता, पाळत ठेवण्याच्या कार्यक्रमाचा होता. पण माहिती देण्याची पद्धत हीच. मी तंत्रज्ञ नाही, वकीलही नाही, कर्मचाऱ्यांचा सल्ला घेता येत नसल्याने या कामाला मान्यताही देता येत नाही आणि त्याचं पूर्ण मूल्यमापनही करता येत नाही, असं त्यांनी कळवलं. आणि त्या पत्राची एक प्रत समितीच्या सुरक्षित जागेत लखोट्यात बंद करून ठेवली, आपण हरकत घेतली होती याचा पुरावा म्हणून. देशाच्या गुप्तचर समितीवरच्या विरोधी पक्षाच्या सर्वांत ज्येष्ठ सदस्याला इतकंच करता आलं.

गुप्तता मोहिमेलाही मारक ठरू शकते, याचा पुरावा पुन्हा १९८० च्या त्या वाळवंटात आहे. निवृत्त ॲडमिरल जेम्स हॉलोवे यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी गटाने त्याच ऑगस्टमध्ये अहवाल दिला. हवेत तरंगणाऱ्या बारीक धुळीचे प्रचंड ढग हेलिकॉप्टरांच्या वाटेत आले आणि वैमानिक गोंधळले. अशी धूळ असू शकते हे हवामान अधिकाऱ्यांना ठाऊक होतं, त्यांच्या कागदांत ते लिहिलेलंही होतं. पण गुप्ततेसाठी हवामान अधिकारी आणि वैमानिक यांना एकमेकांशी थेट बोलू दिलं नव्हतं. माहिती मधल्या अधिकाऱ्यामार्फत जात होती, आणि ही गोष्ट वैमानिकांपर्यंत गेलीच नाही. सगळ्या तुकड्यांनी मिळून पूर्ण तालीमही कधी केली नाही. बाहेरच्या जाणकारांनी योजना तपासली नाही. ज्यांनी ती बनवली तेच तिचे परीक्षक होते. गटाने सुचवल्यावर पुढे अशा मोहिमांसाठी कायमस्वरूपी संयुक्त कमांड उभं राहिलं.

काँग्रेसला सांगितलं असतं तर धूळ उडाली नसती, असं कुणी म्हणणार नाही. पण 'ही योजना बनवणाऱ्यांखेरीज दुसऱ्या कुणी तपासली का?' हा एक प्रश्न विचारायला हवामानशास्त्र यावं लागत नाही. तो विचारणारं कुणी खोलीत नव्हतं. देखरेख म्हणजे मोहिमेच्या पायात पाय घालणं, ही समजूत मला म्हणूनच चुकीची वाटते. बाहेरच्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागणार आहे हे माहीत असलेले अधिकारी आधीच जास्त काळजीने तयारी करतात.

राहिला गळतीचा आक्षेप: राजकारण्यांच्या पोटात काही राहत नाही. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनच्या ठावठिकाण्याचा माग लागत असताना काँग्रेसच्या गुप्तचर समित्यांच्या प्रमुखांना काही महिने आधीपासून त्या घराबद्दल माहिती होती. बाहेर एक शब्द गेला नाही. उलट बाजूचं उदाहरण २०१४ चं. तालिबानच्या ताब्यातला अमेरिकी सैनिक बो बर्गडाल याच्या बदल्यात ग्वांटानामोतल्या अमेरिकी लष्करी तुरुंगातल्या पाच कैद्यांना कतारला पाठवलं गेलं. कायद्याने अशा हस्तांतरणाआधी किमान ३० दिवस काँग्रेसला कळवायला हवं होतं. कळवलं गेलं ते त्याच दिवशी. बातमी फुटली तर सैनिकाचा जीव जाईल, हे कारण दिलं. नंतर बंद दाराआडच्या बैठकीतून बाहेर आलेल्या लोकप्रतिनिधींनी सांगितलं की सरकारमधल्या ऐंशी-नव्वद जणांना हे आधीपासून माहीत होतं. मग त्यात आणखी आठ जणांची भर पडल्याने काय बिघडलं असतं? काँग्रेसच्याच लेखापरीक्षण संस्थेने त्याच ऑगस्टमध्ये मत दिलं की कायदा मोडला गेला. ३० दिवसांची अट अशा प्रसंगाला जाचक आहे, हे मला मान्य आहे. पण जाचक अट बदलून घ्यायची असते.

जर्मनीने काढलेला मार्ग

या बाबतीत मला सर्वांत पटतो तो जर्मनीचा कायदा. तिथे घटना न्यायालयाने १९९४ मध्येच ठरवून टाकलं की सशस्त्र दलं परदेशी कामगिरीवर पाठवायला संसदेची, म्हणजे बुंडेस्टागची, मंजुरी हवी. २००५ मध्ये त्यावर सविस्तर कायदा झाला आणि त्यात सुटकेच्या मोहिमांचा विचार थेट केलेला आहे. संसदेत उघड चर्चा केल्याने ज्यांना वाचवायचंय त्यांचाच जीव धोक्यात येणार असेल, तर तो धोका आहे तोवर आधी मंजुरी घ्यायची गरज नाही. तरीही संसदेला योग्य त्या मार्गाने आधी आणि मोहीम चालू असताना माहिती द्यायची. नंतर विनाविलंब मंजुरीचा प्रस्ताव आणायचा. संसदेने तो फेटाळला तर मोहीम थांबवायची. सूट कशासाठी आहे आणि कधी संपते, दोन्ही कायद्यातच लिहिलेलं आहे.

त्याची कसोटी लागली लिबियात. फेब्रुवारी २०११ मध्ये तिथे यादवी पेटली असताना दोन जर्मन लष्करी विमानं सशस्त्र सैनिकांसह वाळवंटातल्या नफूरा या तेलक्षेत्रात उतरली आणि १३२ जणांना घेऊन परतली; त्यात २२ जर्मन होते. सरकारने कार्योत्तर मंजुरीही मागितली नाही. ही मानवतेची कामगिरी होती, लष्करी नव्हे, असं त्याचं म्हणणं. ग्रीन पक्षाचा संसदीय गट न्यायालयात गेला.

२०१५ चा निकाल वाचण्यासारखा आहे. न्यायालयाने सरकारचं 'मानवतेची कामगिरी' हे म्हणणं मानलं नाही: सशस्त्र सैनिक धोक्याच्या जागी गेले, म्हणजे ही सशस्त्र कामगिरीच. पण तातडी होती, म्हणून आधी मंजुरी न घेणं बरोबर. आणि संसदेपुढे येण्याआधीच मोहीम आटोपली असेल, तर कार्योत्तर मंजुरीची गरज नाही, कारण संपलेल्या कामाला हो किंवा नाही म्हणण्यात अर्थ नसतो. त्याऐवजी सरकारवर वेगळं बंधन येतं: मोहिमेची माहिती संसदेला तातडीने आणि सविस्तर द्यायची. ग्रीन पक्ष खटला हरला. पण नियम स्पष्ट झाला, आणि अमेरिकेत चार दशकं जे प्रश्न लोंबकळत राहिले त्यातल्या काहींची उत्तरं निदान एका देशात लिहून मिळाली.

नंतरची ही सविस्तर माहिती म्हणजे उपचार नव्हे. ऑक्टोबर २०१० मध्ये अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात अपहृत ब्रिटिश मदत कार्यकर्तीला सोडवायला अमेरिकी विशेष दल गेलं. ती मोहिमेत मरण पावली. पहिलं अधिकृत निवेदन आलं की तिच्या अपहरणकर्त्यांनी स्फोट घडवला. दोन-तीन दिवसांनी चित्रीकरण पुन्हा पाहताना लक्षात आलं की एका सैनिकाने हातबॉम्ब फेकला होता. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी ते जाहीरपणे सांगितलं, दोन्ही देशांची संयुक्त चौकशी झाली. सैनिकांवर शिस्तभंगाची कारवाई झाली ती हातबॉम्बची बाब वरिष्ठांना लगेच न सांगितल्याबद्दल. अंधारात, सेकंदांच्या हिशेबात माणसाच्या हातून चूक होऊ शकते. पण पहिल्या निवेदनावरच फाइल बंद झाली असती, तर तिच्या आईवडिलांना आयुष्यभर खोट्या हकिगतीवरच विश्वास ठेवावा लागला असता, आणि पुढच्या तुकडीला त्या चुकीतून काही शिकायलाही मिळालं नसतं.

ब्रिटनमध्ये मात्र एक मोठी फट आहे. तिथली संसदीय गुप्तचर आणि सुरक्षा समिती १९९४ मध्ये स्थापन झाली, २०१३ मध्ये तिचे अधिकार वाढले. पण ओलीस सोडवायला प्रत्यक्षात जी माणसं जातील ती विशेष दलाची, आणि विशेष दल या समितीच्या कक्षेत येत नाही. त्यांच्या कारवायांवर भाष्य करायचं नाही, हे सरकारचं जुनं धोरण. म्हणजे तोच ओलीस, तेच ठिकाण. हेरांनी काम केलं तर समिती विचारू शकते, सैनिकांनी केलं तर नाही.

अमेरिकेतही हे दोन वाटांचं दुखणं होतं. गुप्तचर कायद्यात 'पारंपरिक लष्करी कारवाया' वगळलेल्या आहेत. त्यामुळे एखादी मोहीम लष्कराच्या खात्यावर मांडली की फाइंडिंग नको आणि गुप्तचर समित्याही नकोत. हे लक्षात आल्यावर काँग्रेसने संवेदनशील लष्करी कारवायांची लेखी सूचना ४८ तासांच्या आत सशस्त्र दलांच्या समित्यांना देण्याचं बंधन घातलं. शत्रूच्या ताब्यातल्या व्यक्तीला सोडवण्याच्या कारवायाही आता त्यात येतात. १९७३ मध्ये मसुद्यातून गळलेला विषय अशा रीतीने दुसऱ्या दाराने कायद्यात आला, तोही सवलत म्हणून नाही, कळवण्याचं बंधन म्हणून.

माझ्या मते कुठल्याही देशाला यापुढे तीन गोष्टी करून ठेवता येतील, आणि त्यातल्या एकीनेही ओलिसाचा जीव धोक्यात येत नाही. मोहिमेचा अधिकार, धोक्याची मर्यादा आणि फसल्यास करायची कारवाई यावर समितीशी आधीच, कुठलाही ओलीस समोर नसताना, लेखी सहमती करायची. ज्या थोड्या लोकप्रतिनिधींना सांगायचं त्यांना सुरक्षा तपासणी झालेला निदान एक तज्ज्ञ मदतनीस सोबत आणू द्यायचा, म्हणजे रॉकफेलर यांच्यासारखं लखोट्यात पत्र ठेवायची वेळ येणार नाही. आणि 'वेळेवर' हा शब्द काढून तिथे आकडा लिहायचा. खरोखर मुदतवाढ लागली, कॅनडाच्या बाबतीत लागली तशी, तर कारण लिहून राष्ट्राध्यक्षांनी किंवा पंतप्रधानांनी स्वतः सही करायची, दर काही दिवसांनी ती पुन्हा करायची, आणि धोका टळल्यावर ते सगळे कागद समितीपुढे ठेवायचे. तेहरानमधून सहा जणांना काढणाऱ्यांना अशी सही करताना अडचण आली नसती. साडेनऊ महिने गप्प राहिलेल्यांना मात्र दर वेळी कागदावर लिहावं लागलं असतं की आज, या तारखेला, नेमका कुणाचा जीव वाचवायला आपण गप्प आहोत.